माझगाव ते इगतपुरी : डिझेल जीपची घडण

महाराष्ट्रातील डिझेल जीपचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की ही गाडी कोणत्याही एका कारखान्यात, एका आराखड्यावरून, एकाच वेळी घडलेली नाही. अमेरिकन लष्करासाठी आखलेली चौकट, ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या ट्रॅक्टरचे इंजिन, त्यानंतर आलेले फ्रेंच इंजिन आणि या सगळ्यांवर गावोगावच्या मिस्त्रींनी केलेले काम अशा थरांतून ती उभी राहिली. म्हणूनच आज ज्याला ‘मॉडिफिकेशन’ म्हटले जाते आणि जो तरुणांचा अलीकडचा छंद समजला जातो, तो या गाडीच्या बाबतीत तिच्या जन्मापासूनचा व्यवहार आहे, आणि त्याची सुरुवात खुद्द कारखान्यानेच केलेली आहे.

कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 1945 मध्ये स्थापन केलेली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही मूळची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे बदलले. याच सुमारास कंपनीने विलीज-ओव्हरलँड या अमेरिकन कंपनीच्या जीपकडे लक्ष वळवले. 1949 मध्ये मुंबईच्या माझगाव भागात जीपची जुळणी सुरू झाली, आणि सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या पहिल्या खेपेतून 75 गाड्या तयार झाल्या. पुढे 1954 मध्ये विलीजशी झालेल्या करारानंतर जुळणीकडून प्रत्यक्ष उत्पादनाकडे वाटचाल सुरू झाली आणि एकेक भाग देशात बनू लागला.

भारतात दीर्घकाळ टिकलेले रूप हे युद्धातल्या जीपचे नव्हते, ते सीजे-3बी या नागरी वापराच्या जीपचे होते. विलीजने या गाडीत ‘हरिकेन’ हे 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन बसवले. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह बाजूला अशी रचना असल्याने इंजिन जुन्यापेक्षा उंच झाले, आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. पुढून चौकोनी आणि काहीशी उभट दिसणारी जी जीप मराठी वाचकांच्या पिढ्यांनी तहसील कचेरीसमोर, पोलीस ठाण्याच्या आवारात किंवा वनखात्याच्या विश्रामगृहापाशी पाहिली, तिच्या चेहऱ्यामागचे कारण हे एवढे साधे आणि यांत्रिक आहे. 1952 मध्ये सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमापासून गटविकास अधिकारी आणि जीप यांची जी सांगड बसली, ती पुढे पंचायत समित्यांच्या काळातही कायम राहिली. पक्की सडक जिथे संपते तिथपर्यंत शासन पोहोचायचे ते बहुधा याच गाडीतून.

ही गाडी कच्च्या वाटेवर कशी चालते, हे इथे थोडक्यात समजून घ्यावे लागते. गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची दुसरी पेटी असते. ती इंजिनची ताकद दोन दांड्यांवाटे, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘जॉइंट’वाटे, मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही आसांकडे वाटून देते. विलीजच्या मूळ रचनेत या पेटीसाठी दोन वेगळे लिव्हर होते. एकाने पुढचा आस जोडायचा, तर दुसऱ्याने ‘लो’ ही अधिक जोराची पातळी निवडायची, जिच्यात वेग सुमारे अडीच पटींनी कमी होऊन ओढ तितक्याच प्रमाणात वाढते. या रचनेत पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये फिरण्याचा फरक सामावून घेणारी कोणतीही सोय नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि चिखलात किंवा वाळूत चाक किंचित घसरून हा फरक मिटतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र तो मिटत नाही आणि सगळा ताण दातऱ्यांवर येतो. म्हणून ‘फोर बाय फोर’ गरजेपुरतेच लावायचे, हा जुन्या चालकांचा दंडक निव्वळ सावधगिरीचा नव्हता, तो यंत्राच्या रचनेतूनच आलेला होता.

पेट्रोल जीपचा एक दोष मात्र कोणत्याही कौशल्याने झाकता येत नव्हता, आणि तो म्हणजे तिची तहान. ऑक्टोबर 1973 मधील अरब तेलबंदीनंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा खाजगी मालकांना आणि सरकारी खात्यांना जीप पोसणे जड जाऊ लागले. डिझेल त्या काळी पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, आणि डिझेल इंजिन त्याच अंतरासाठी इंधनही कमी घेते. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेट घेते. हा दाब पेलण्यासाठी इंजिनचे सगळे भाग जाडजूड असावे लागतात, त्यामुळे ते वजनदार आणि आवाजी होते, परंतु कमी फेऱ्यांवरही भरपूर ओढ देते. चढावर, नांगरटीत किंवा ओढ्यात हीच ओढ कामाला येते.

महिंद्रांच्या हाताशी त्या वेळी एक डिझेल इंजिन तयारच होते, पण ते होते ट्रॅक्टरचे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने 1963 मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया बी-275 हा ट्रॅक्टर बनवत असे. याचे सुमारे 2.3 लिटरचे चार सिलिंडरी इंजिन थोड्या बदलांनी जीपमध्ये बसवण्यात आले आणि 1970 च्या दशकाच्या मध्यात सीजे-500डी ही डिझेल जीप बाजारात आली. पेट्रोल इंजिनासाठी उंच केलेले बॉनेट या वेळी कामी आले असावे, असे मानायला जागा आहे. शेतात संथ, एकसारख्या गतीने चालण्यासाठी आखलेले हे इंजिन रस्त्यावर खडखडत असे, वेगाला अडखळत असे आणि बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत कंप पोहोचवत असे. तरीही या जोडणीचे ऐतिहासिक महत्त्व कमी लेखता येत नाही. एका वाहनाच्या चौकटीत दुसऱ्याचे काळीज बसवून ते वर्षानुवर्षे चालू शकते, हे इथे कारखान्याच्या शिक्क्यानिशी सिद्ध झाले. बाहेरच्या गॅरेजांनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये ट्रॅक्टरची किंवा मॅटाडोरसारख्या टेम्पोंची डिझेल इंजिने बसवण्याचा जो उद्योग पुढे भरभराटीला आणला, त्यामागचे तर्कशास्त्रही हेच होते.

खरा पालट झाला तो फ्रेंच इंजिनाने. प्यूजो कंपनीशी 1979 मध्ये झालेल्या परवाना करारानंतर तिचे एक्सडीपी 4.90 हे डिझेल इंजिन 1980 च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागले. कसारा घाटाच्या माथ्यावरचे हे रेल्वेचे गाव तोवर थंड हवेसाठी आणि घाट चढणाऱ्या आगगाड्यांसाठी ओळखले जात होते. इंजिनाच्या नावातच त्याचे मोजमाप आहे, कारण चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर असे हे इंजिन असून त्याची क्षमता 2112 घनसेंटिमीटर भरते. याच क्षमतेचे इंजिन प्यूजोच्या 504 या मोटारीतही होते. म्हणजे ट्रॅक्टरचे इंजिन जाऊन त्या जागी प्रवासी मोटारीच्या जातकुळीचे इंजिन आले. यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता शेजारच्या छोट्या कक्षात फवारले जाते. त्यामुळे ज्वलन सौम्य होते आणि इंजिन अधिक फेरे घेऊ शकते, मात्र थंडीत ते सुरू करण्यापूर्वी त्या कक्षात बसवलेले ‘हीटर प्लग’ काही क्षण तापवावे लागतात. 91 इंच चाकअंतराच्या एमएम 540 मध्ये हे इंजिन आले आणि महाराष्ट्राला त्याची अस्सल डिझेल जीप मिळाली. पुढे 2498 घनसेंटिमीटरचे मोठे प्यूजो इंजिन आणि थेट फवाऱ्याची इंजिने यांनी ही परंपरा चालू ठेवली.

या गाड्यांच्या देखभालीची एक संपूर्ण विद्या त्या काळात उभी राहिली आणि तिची नोंद पुस्तकांत फारशी झालेली नाही, ही खेदाची बाब आहे. पुण्यातील नाना पेठ आणि मुंबईतील कुर्ला येथे जुन्या-नव्या सुट्या भागांचे बाजार होते. नाशिकच्या सातपूर भागातील मायको कंपनीच्या कारखान्यात डिझेल फवारणारे नोझल बनत. आणि ‘पंप-नोझल’चे काम करणारा कारागीर हा साध्या फिटरपेक्षा वेगळा, वरचा मानला जाई. या विद्येचे स्वरूप एका कामावरून ध्यानात येते. टाकीतले डिझेल संपले किंवा नळीला बारीक चीर गेली की इंधनवाहिनीत हवा शिरते. हवा दाबली जाते पण डिझेल दाबले जात नाही, त्यामुळे फवाऱ्याला लागणारा दाब तयारच होत नाही आणि स्टार्टर कितीही फिरवला तरी गाडी सुरू होत नाही. अशा वेळी फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे. आधी नुसता फेस येतो, मग फेसातून तुटक धार आणि शेवटी बुडबुड्यांविना अखंड डिझेल. त्याच क्षणी, पंपावरचा हात न थांबवता, स्क्रू आवळायचा. त्यानंतर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल करून इंजिन फिरवायचे आणि डिझेल दिसताच एकेक नट बसवत जायचे. ‘एअर काढणे’ या नावाने ओळखली जाणारी ही कृती ज्याला घाटात, काळोखात, केवळ स्पर्शाने जमत असे, तोच खरा जीपचा चालक समजला जाई.

मालकांनी केलेले बदलही गरजेतून आले होते. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ‘वडाप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी वाहतुकीसाठी लांब बांध्याच्या जीप घेतल्या गेल्या, आणि त्यांत मागच्या बाजूला समोरासमोर बाकडी बसवून, कमानपाट्यांत जादा पाटा घालून माणसे आणि बाजारहाट वाहिली गेली. या वाहतुकीला चारही चाकांची गरज क्वचितच पडे, म्हणून अशा बहुतेक गाड्या मागच्या दोन चाकांच्या जोरावरच चालत, आणि फोर बाय फोर असलेल्या गाडीचाही पुढचा जॉइंट काढून ठेवण्याची पद्धत होती. याउलट ज्यांची शेते आणि बागा चिखलवाटांच्या पलीकडे होत्या, त्यांनी पुढचा आस जिवापाड सांभाळला, खोल दातांचे रुंद टायर घातले आणि नांगरणीखेरीज शेतीचे जवळपास प्रत्येक काम जीपकडून करून घेतले. हरियाणातील डबवाली येथे जीप नव्याने बांधून देण्याचा मोठा धंदा उभा राहिला, आणि तिथल्या गाड्या देशभर गेल्या. महाराष्ट्रात असे एकवटलेले केंद्र झाले नाही. इथे प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादा मिस्त्री असे आणि त्याची हातोटी ओळखता येई.

2010 मध्ये नाशिकच्या कारखान्यातून ‘थार’ बाहेर पडली, तेव्हा या परंपरेला नवा ग्राहक मिळाला, जो गरजेपेक्षा आवडीने जीप घेणारा होता. दरम्यान पुण्याच्या फोर्स मोटर्सने ‘गुरखा’ या गाडीत आसाच्या दोन्ही चाकांना एकत्र जखडून फिरवणारे ‘डिफरेन्शियल लॉक’ पुढे आणि मागे कारखान्यातूनच दिले. पूर्वी अशा सोयीसाठी बाहेरचा कारागीर गाठावा लागत असे. 2018 पासून जीपच्या जन्मदेशातच, मिशिगनमधील ऑबर्न हिल्स येथे, भारतातून गेलेल्या भागांची जुळणी करून ‘रॉक्सर’ ही डिझेल गाडी विकली जाऊ लागली. जीप हे नाव आता ज्यांच्याकडे आहे त्या कंपनीने तिच्या रूपाला हरकत घेतली, आणि महिंद्रांना तिचा चेहरा बदलावा लागला.

याच काळात कायदा मात्र उलट दिशेने गेला. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये सुरुवातीला नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने गाडीत बदल करण्यास वाव होता. 2000 च्या दुरुस्तीने उत्पादकाने मूळ ठरवलेला तपशील हाच निकष झाला, आणि जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असा निर्वाळा दिला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निकष समजण्याजोगा आहे, परंतु ज्या वाहनाचा उत्पादकच इंजिने बदलत बदलत पुढे गेला, त्याच्या जुन्या मालकांवर तो विशेष जड पडतो. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी तपासणीनंतर नव्याने करून घ्यावी लागते. त्या तपासणीत चौकटीवर ठोकलेला चासी क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार हे सगळे कागदाशी जुळावे लागते. त्यामुळे एमएम 540 सांभाळणारे अनेक मालक आज बाहेरून आलेले इंजिन उतरवून मूळचे प्यूजो परत बसवण्यामागे आहेत, आणि एकेकाळी भंगारात गेलेल्या त्याच्या हेडला, पंपाला, नोझलला पुन्हा भाव आला आहे. जुनी जीप विकत घेणारा जाणकार आता रंग, टायर किंवा हूड यांच्याकडे नंतर वळतो. आधी तो आरसी पुस्तक मागतो आणि पूर्वी पेट्रोलच्या जागी डिझेल झालेल्या गाडीवर त्या बदलाची नोंद परिवहन कार्यालयाच्या शिक्क्यासह आहे की नाही, ते तारखेसकट तपासतो.