अणुभट्टीपासून व्हिएन्नापर्यंत

जामखेडची मुले शिकायला पुण्याला जातात, तसा एक मराठी मुलगा मध्यप्रदेशातील खरगोनहून मॅट्रिक होऊन मुंबईस आला. ते डॉ. अनिल काकोडकर. इंजिनिअर होऊन १९६४ साली भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले, 'ध्रुव' अणुभट्टीसाठी राबले. २००० साली अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष व भारत सरकारचे सचिव झाले.

खरी कसोटी २००५ नंतर लागली. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालली होती. कल्पक्कमची शीघ्र प्रजनक अणुभट्टीही आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यावी, असा तिकडून आग्रह होता. ही भट्टी जाळते त्याहून अधिक इंधन तयार करते. आपल्याकडे युरेनियम थोडे, थोरियम मुबलक. आणि थोरियमपर्यंतची वाट याच भट्टीतून जाते. फेब्रुवारी २००६ मध्ये काकोडकरांनी वृत्तपत्रातून उघड नकार दिला. सचिवाने असे जाहीर बोलावे काय, यावर वाद झाला. मला विचाराल, तर जन्म अणुभट्ट्यांत गेलेल्या माणसाने तेव्हा गप्प बसणेच गैर ठरले असते.

मार्चमध्ये ठरले: २२ पैकी १४ अणुभट्ट्या तपासणीखाली, कल्पक्कमची प्रजनक भट्टी बाहेर. १ ऑगस्ट २००८ रोजी व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तपासणी-कराराला मान्यता दिली. ६ सप्टेंबरला ४५ पुरवठादार देशांनी निर्बंध उठविले आणि पुढे कझाकस्तानचे युरेनियम भारतात येऊ लागले.