धबधब्याची आकृती आणि वारणेचा एसेमेस

सॉफ्टवेअर बनवण्याच्या एका पद्धतीला 'वॉटरफॉल' म्हणतात, म्हणजे धबधबा. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग कोड, शेवटी चाचणी. खाली उतरलेलं पाणी वर चढत नाही, हा हिशोब. मी शिरोळचा. कृष्णेला पूर आला की पंचगंगेचं पाणी मागे फुगतं, हे आम्ही नृसिंहवाडीच्या संगमावर बघतो. म्हणून मला हा हिशोब कधी पटला नाही.

गंमत म्हणजे, ज्यांच्या नावावर ही पद्धत खपते त्या विन्स्टन रॉइस यांनाही ती तशी मान्य नव्हती. त्यांच्या 1970 च्या निबंधात पायऱ्यांची आकृती आहे, पण 'वॉटरफॉल' हा शब्द कुठेच नाही. उलट, चाचणी शेवटी ठेवली तर दोष तेव्हाच कळतो आणि मागचं सगळं उकरावं लागतं, असा इशारा आहे. नवी गोष्ट दोनदा बनवा, असंही ते सुचवतात. लोकांनी आकृती उचलली, इशारा सोडला. पुढे 2001 मध्ये अमेरिकेत स्नोबर्डला 17 जणांनी 'अजाइल' जाहीरनामा लिहिला: थोडं बनवा, वापरणाऱ्याला दाखवा, बदला.

आता आपल्या जिल्ह्यात या. 1998 मध्ये वारणानगर परिसरातल्या 70 गावांसाठी सरकारी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. शेतीसल्ला, बाजारभाव, जमिनीच्या नोंदी अशी मोठी यादी आधीच ठरली होती. संगणक गावात पोचले, पण वापर झाला तो मुख्यतः ऊस आणि खताच्या नोंदींसाठी. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. लोक खरोखर काय वापरतात ते आधी पाहिलं आणि फक्त 7 गावांत संगणकाच्या जागी मोबाइल आणि एसेमेस लावून बघितला. तो फसला असता, तरी झळ 7 गावांपुरतीच राहिली असती.

मग आधी सगळं ठरवणं चुकीचंच का? उसाला विचारा. लागणीला सरीचं अंतर चुकलं तर खोडव्यापर्यंत भोगावं लागतं. ते आधीच ठरवायला हवं. खताचा हप्ता मात्र पीक बघून बदलता येतो. कुठलंही ॲप बनवायला घेताना मी आधी एवढंच विचारतो: यातली सरी कुठली आणि खत कुठलं?