कुरणशाळा
कुरणशाळा म्हणजे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराऊ कुरणातच भरणारी प्राथमिक शाळा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी कोसबाड (ता. डहाणू, तत्कालीन ठाणे, सांप्रत पालघर जिल्हा) येथे वारली मुलांसाठी हा प्रयोग केला.

पार्श्वभूमी

ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढील दशकात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांऐवजी बिया, पाने, खडे, शिंपले वापरण्याचा प्रघात या केंद्राने पाडला.

वारली कुटुंबात लहान मुलाच्या श्रमालाही मोल असे. गुरे राखणे आणि धाकटी भावंडे सांभाळणे ही कामे त्याच्याकडे असल्याने शाळेच्या वेळी ते रानात असे. मूल शाळेत आले तर गुरे कोणी राखावीत, हा पालकांचा प्रश्न रास्त होता. सक्ती वा उपदेश हे त्याचे उत्तर नव्हे, हे ओळखून शाळाच कुरणात नेण्यात आली.

स्वरूप

गुरे चरत असता शिक्षक मुलांना एकत्र करून गाणी, गोष्टी व खेळ घेत आणि त्यांतूनच अक्षर व अंक यांची ओळख करून देत. झाडे, पाखरे, ऋतुमान यांविषयी या मुलांना शिक्षकांहूनही अधिक ठाऊक असणे स्वाभाविक होते. हे ज्ञान लिहिण्या-वाचण्याशी जोडणे हे खरे काम होते. याच बाबतीत कुरणशाळा शांतिनिकेतनातील (१९०१) झाडांखालच्या वर्गांहून वेगळी ठरते. तेथे बंदिस्त वर्गाला पर्याय हवा होता. कोसबाडची मुले मुळातच उघड्यावर वाढत होती, त्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचवायचे होते. कोसबाडच्या कार्याची हकिगत अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात आहे.

तत्सम प्रयोग

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी अहिल्यानगरसारख्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत पुढे निघालेल्या साखरशाळांमागेही ‘मूल जेथे, शाळा तेथे’ हेच तत्त्व आहे. मात्र साखरशाळा गाळप हंगामापुरती, कामगारांच्या तळाजवळ भरते; भोवतालचे शिवार तेथे अभ्यासाचा विषय होतेच असे नाही.