यलोस्टोनचा वाढदिवस आणि पहारेकरी

१ मार्च २०२२ रोजी अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १५० वर्षांचं झालं. १८७२ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली. पण पहिली काही वर्षं राखणीला पैसाच मिळाला नाही. शिकारी मोकाट सुटले. अखेर १८८६मध्ये घोडदळ आलं आणि १९१८पर्यंत लष्कराचा पहारा राहिला. फौजी म्हणून मला याचा अभिमानच वाटायचा. पण ती जमीन रिकामी नव्हती. शोशोनी आणि इतर जमातींची तिथली वस्ती, शिकार बंद पाडली गेली. २०२२च्या ऑगस्टमध्ये उत्तरेकडच्या दगडी कमानीजवळ मूळ जमातींचे उंच, निमुळते तंबू उभे राहिले. माझ्या लेखी खरा सोहळा तोच. आपण कुणाला बाहेर काढलं, हेही पहारेकऱ्यानं वर्धापनदिनी सांगावं.