फायालच्या कातळावर

स्वेटर चढवा. तुम्ही 20,000 वर्षं मागे आला आहात, अटलांटिकच्या मधोमध, अझोर्स बेटांपैकी फायालच्या किनाऱ्यावर. उत्तर युरोप बर्फाखाली आहे. इतकं पाणी जमिनीवर गोठून बसलंय, की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेलाय. तुमच्या पायाखालचा कातळ पुढे खोल पाण्यात जाणार आहे.

वाकून त्यावर हात फिरवा. शेवाळ लागेल, पण थंडी सोसणारं. ऊब लागणाऱ्या जातींचे इथे हाल आहेत. आणि नव्यांनी यायचं तरी कसं? शेवाळाचे बीजाणू पाण्यात काही तास, फार तर काही दिवस जगतात. पोर्तुगालचा किनारा दीड हजार किलोमीटरहून दूर.

म्हणून वाट बघा. एक ओंडका लाटेसरशी दगडावर आपटतो. त्याच्या खाचेत लाल शेवाळाचा पुंजका अडकलाय, बोटाच्या पेराएवढा, अजून ओला. असे बहुतेक पुंजके वाळून मरतात. एखादा रुजतो. पुढे बर्फ वितळतो, पाणी चढतं, कोमट होतं, आणि दक्षिणेकडून आलेल्यांनाही जागा मिळू लागते. ही बेटं ज्वालामुखीची, कुठल्याच खंडाला कधी जोडलेली नव्हती. म्हणजे इथलं प्रत्येक शेवाळ बाहेरून आलेलं, नाहीतर बाहेरून आलेल्याच्या वंशातलं. परकं असणं हा मला गुन्हा वाटत नाही. मला भीती वाटते ती वेगाची.

1957च्या सप्टेंबरात क्षणभर थांबा. फायालच्या पश्चिम टोकाला कापेलिन्योस इथे समुद्र उकळतोय, राखेने घरांची छपरं खचताहेत. तेरा महिन्यांनी इथे नवा, कोरा खडक असेल, शेवाळाला रुजायला मोकळा.

आता 2002, बेटाच्या दुसऱ्या बाजूचं ओर्ता बंदर. अटलांटिक ओलांडणाऱ्या शिडाच्या बोटी इथे हमखास थांबतात. धक्क्याच्या भिंतीवर खलाशांनी आपापल्या बोटींची चित्रं रंगवली आहेत. मुखवटा लावून पाण्यात उतरा. तळाशी हिरवा गालिचा पसरलाय. हे कॉलर्पा वेबियाना, उष्ण पाण्यातलं शेवाळ. जवळून बघा: आडव्या धावणाऱ्या बारीक दोऱ्या, त्यांवर केसाळ, इवल्या फांद्या. आणि हा अख्खा पसारा म्हणजे एकच पेशी! तुकडा तुटला तरी तो मरत नाही, नवं शेवाळ होतो. नांगराने तळ खरवडला की असे किती तुकडे सुटत असतील, विचार करा. ओंडक्याची वाट बघायची गरज उरलेली नाही. वर पाणीही तापतंय: माणसाने हवामानात कोंडलेल्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्राने गिळलीय. म्हणजे वाहन आपणच दिलं, आणि उतरल्यावर ऊबही.

2019, अझोर्समधलंच साओ मिगेल बेट. इथे रुगुलोप्टेरिक्स ओकामुरी सापडलंय, जपान-कोरियाकडचं तपकिरी शेवाळ. 2002मध्ये ते फ्रान्समधल्या ‘तो’ नावाच्या खाजणात दिसलं; 2015मध्ये जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत सेउटाच्या किनाऱ्यावर त्याचे ढीग पडले, हजारो टन उपसावे लागले. हातात घ्या. चपट्या, दुभंगत गेलेल्या पट्ट्या, बोटांना चिकटणाऱ्या. त्यातल्या रसायनांमुळे चरणारे जीव त्याला सहसा तोंड लावत नाहीत. खडकावरून सुटलं तरी ते पाण्यात जिवंत तरंगतं, मासेमारांच्या जाळ्यांत भरतं, आणि जिथे टेकेल तिथे स्थानिक शेवाळांना झाकून टाकतं. त्या स्थानिकांना इथे जम बसवायला हजारो वर्षं मिळाली होती. या नव्यांपुढे टिकायला त्यांना मोजकेच हंगाम मिळताहेत, आणि याचाच मला संताप येतो.

इथल्या धक्क्याजवळ एका बोटीचा नांगर वर येतोय. पुढचा मुक्काम तेर्सेरा बेट. साखळीच्या कड्यांत तपकिरी पट्ट्या अडकल्या आहेत. खलाशाला हाक मारा, साखळी इथेच साफ करायला सांगा, आणि काढलेलं शेवाळ पुन्हा पाण्यात टाकू देऊ नका.