चर्चमधला ऑर्गन संगीत नाटकात कसा आला?

संगीत नाटकाचा पडदा उघडण्याआधी नांदीसोबत जो भरदार सूर कानावर येतो, तो बहुतेक वेळा ऑर्गनचा असतो. या वाद्याचे मूळ मात्र युरोप-अमेरिकेतल्या चर्चमध्ये आहे. त्याच्या या प्रवासात जळगावचाही एक धागा आहे.

पाइप ऑर्गन म्हणजे काय?

इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील टेसिबियस या तंत्रज्ञाने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन तयार केला. पुढे युरोपातील चर्चनी हे वाद्य आपलेसे केले. यात प्रत्येक सुरासाठी वेगळी नळी असते. भात्यातली हवा नळीत शिरली की ती बासरीसारखी वाजते. सूर जितका खालचा, तितकी नळी लांब. खर्जातल्या एका सुरासाठी सुमारे ८ फुटांची नळी लागते. मोठ्या ऑर्गनमध्ये ती ३२ फुटांपर्यंत जाते. त्यामुळे असा ऑर्गन इमारतीचाच भाग बनतो आणि सहज हलवता येत नाही.

खानदेशात तो का रुजला नाही?

ब्रिटिश काळात पाइप ऑर्गन मुख्यतः बंदरे आणि लष्करी छावण्यांच्या शहरांत आले. मुंबईतील सेंट थॉमस कॅथेड्रल (१७१८) आणि कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) ही त्याची उदाहरणे. जळगाव-धुळे भागात ख्रिस्ती धर्म आला तो प्रामुख्याने अलायन्स मिशनसारख्या संस्थांमधून. त्यांचे काम खेड्यापाड्यांत आणि आदिवासी भागात होते, प्रार्थनामंदिरेही लहान होती. शिवाय उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आणि पावसाळ्यात दमट होणाऱ्या हवेत लाकूड तडकते, भात्याचे चामडे फाटते. अशा ठिकाणी हलके, नेता-आणता येणारे वाद्यच सोयीचे.

पर्याय कोणता?

तो पर्याय म्हणजे रीड ऑर्गन. यात नळ्यांऐवजी पितळेच्या पातळ पट्ट्या, म्हणजे रीड, कंप पावतात. बोटभर लांबीच्या रीडमधूनही खर्जाचा सूर निघतो. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला 'हार्मोनियम'चे पेटंट घेतले. अमेरिकेत एस्टी आणि मेसन अँड हॅम्लिन या कंपन्यांनी रीड ऑर्गन मोठ्या संख्येने बनवले. मिशनऱ्यांसाठी तर पेटीसारखे मिटणारे घडीचे ऑर्गनही मिळत.

ऑर्गन आणि पेटी यांत फरक काय?

हार्मोनियममध्ये भाता हवा बाहेर ढकलतो, तर अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये हवा आत ओढली जाते. त्यामुळे ऑर्गनचा सूर अधिक मऊ आणि गोल वाटतो. भाता पायाने चालत असल्याने दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात.

रंगभूमीवर ऑर्गन

१८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ने संगीत नाटकाची परंपरा भक्कम झाली. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि तिथे ऑर्गनला मानाचे स्थान मिळाले. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी या मंडळीची साथ गाजली. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात मोठ्या नाट्यगृहात गायकाला सुराचा भक्कम आधार हवा असे. ऑर्गन तो देई आणि त्याला न जमणारी मींड सारंगी भरून काढी.

या मंडळीचे प्रमुख नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. लहानपणी ते शिक्षणासाठी जळगावात होते आणि तिथेच मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. आजही जळगावात त्यांच्या नावाने बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो.

आक्षेप आणि उतरती कळा

पेटी व ऑर्गनचे बारा सूर पक्के बांधलेले असतात. श्रुती आणि मींड त्यात येत नाहीत, हा जुना आक्षेप. याच कारणाने १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. ती १९७०च्या दशकात सैल झाली. नाट्यसंगीतात मात्र ही वाद्ये टिकली. गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकांनी पेटी आणि ऑर्गन दोन्हींची साथ वेगळ्या उंचीवर नेली.

आज खरी अडचण वेगळी आहे. परदेशातून येणारे ऑर्गन कधीच थांबले. जुन्या वाद्यांना वाळवी लागते, भाते गळतात, रीड तुटतात आणि दुरुस्ती जाणणारे कारागीर मोजकेच उरले आहेत. त्यामुळे अनेक ठिकाणी कीबोर्डवरच ऑर्गनचा आवाज काढला जातो. अलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात नवे ऑर्गन घडवण्याचे काम सुरू झाले, ही दिलासा देणारी गोष्ट.

घरात, शाळेत किंवा जुन्या प्रार्थनामंदिरात असे वाद्य पडून असेल, तर ते भंगारात देण्याआधी जाणकाराला दाखवावे. मोडका दिसणारा ऑर्गनही अनेकदा भाता आणि चामडे बदलल्यावर पुन्हा बोलू लागतो.