बँक जुळवणी पत्रक

खातेदाराच्या रोकडवहीतील बँकेची शिल्लक आणि पासबुकातील अथवा खातेउताऱ्यातील शिल्लक यांमधील फरकाची कारणे दाखविणारे पत्रक. एकाच व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी व बहुधा दोन वेळी होते, हे या फरकाचे मूळ होय. दिलेला धनादेश खातेदार त्याच दिवशी खर्ची लिहितो. बँक तो वटल्यावरच नावे टाकते. बँकेने आकारलेले व्याज खातेदारास मागाहून कळते. असे फरक कालांतराने मिटतात. चूक अथवा अफरातफर मात्र आपोआप मिटत नाही.

लूका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात बँकांशी व सार्वजनिक कचेऱ्यांशी असलेली खाती कशी ठेवावीत, याचे विवेचन आहे. कचेऱ्यांतील लेखनिक वारंवार बदलतात व प्रत्येक जण आपापल्या रीतीने वह्या लिहितो, म्हणून व्यापाऱ्याने सावध राहावे, असे त्याने बजावले आहे. सतराव्या शतकात लंडनच्या सोनार-पेढ्यांवर खातेदार खतावणीतच सही करून हिशेब मान्य करीत. पुढे खातेदार व पेढी यांच्यात ये-जा करणारे पासबुक रूढ झाले. ते परत करताना खातेदाराने हरकत घेतली नाही, तर नोंदी त्यास मान्य आहेत असे समजण्याची लंडनच्या पेढीवाल्यांची प्रथा ‘डेव्हेन्स वि. नोबल’ (१८१६) या खटल्यात नमूद झाली.

न्यायालयांनी मात्र ही प्रथा खातेदारावरील बंधन मानली नाही. चिटणीसाने बनावट सह्या करून कंपनीचे पैसे काढले असता, पासबुक तपासण्याचे कर्तव्य कंपनीवर नव्हते, असे ‘केपिटिगल्ला रबर इस्टेट्स वि. नॅशनल बँक ऑफ इंडिया’ (१९०९) या खटल्यात इंग्रजी न्यायालयाने ठरविले. हाँगकाँगमधील ताय हिंग कॉटन मिलच्या लेखनिकाने सुमारे ३०० बनावट धनादेश वटविले होते. तेथेही प्रिव्ही कौन्सिलने १९८५ मध्ये खातेदाराचीच बाजू उचलून धरली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कॅनरा बँक वि. कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन’ (१९८७) या खटल्यात हेच तत्त्व स्वीकारले. धनादेशपुस्तक ज्याच्या ताब्यात होते, त्या हिशेबनिसानेच व्यवस्थापकीय संचालकाच्या बनावट सह्यांचे ४२ धनादेश वटविले होते व रक्कम तीन लाख रुपयांहून अधिक होती. बनावट सही म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे, असा या निर्णयाचा आधार आहे. हिशेब लिहिणाऱ्यासच जुळवणी करू दिल्यास पत्रक निरर्थक ठरते, ही व्यवहारातील गोष्ट येथे स्पष्ट दिसते.

खातेदारास माहीत असूनही तो गप्प राहिला, तर हे संरक्षण मिळत नाही. पत्नीने केलेल्या बनावट सह्यांविषयी मौन पाळणाऱ्या पतीचा दावा ‘ग्रीनवुड वि. मार्टिन्स बँक’ (१९३३) या खटल्यात फेटाळला गेला. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये विलंबासही महत्त्व दिले : त्रयस्थाने केलेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत बँकेस कळविल्यास खातेदारावर भार नाही, चार ते सात दिवस लागल्यास मर्यादित भार आणि त्यापुढे बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणानुसार निर्णय, असे तिने ठरविले.